इस्त्रीची तिसरी तार

माझी लेक आज आहे ती वहिनींमुळे, हे आधी सांगते. काय झालं ते मागून. वहिनी म्हणजे मी ज्या शिलाईच्या दुकानात कामाला होते, त्या मास्तरांच्या बायको. घराणं पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरचं. घरात मराठी, पण मध्येमध्ये कानडी पेरलेली. मी मिरजेकडची, सातवीतच शाळा सुटलेली. नवऱ्याला हूटगळ्ळीच्या कारखान्यात काम लागलं म्हणून इतक्या लांब आले, आणि माझी भाषा बोलणारी माणसं भेटली म्हणून त्यांच्याकडे काजं-बटणं आणि इस्त्री करू लागले.

त्या इस्त्रीला हात लागला की बोटांत मुंग्या यायच्या. एकदा बोलले, तर मास्तर हसले. "मिरजेच्या बायका मुंगीला पण भितात काय? चप्पल घालून उभी राहा, झालं!" खरंच, रबरी चप्पल पायात असली की मुंग्या जाणवायच्या नाहीत. भिंतीत दोनच भोकांचं सॉकेट होतं, म्हणून मास्तरांनी इस्त्रीच्या वायरीतली तिसरी, हिरवी तार तोडून दोन पायांची पिन बसवली होती. त्यात काही वावगं आहे असं मलाही वाटलं नाही. इस्त्री तापत होती, कपडे होत होते.

मग आयुधपूजा आली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी इथं रिक्षापासून कात्रीपर्यंत सगळ्याची पूजा होते. मी पोटुशी होते, सहावा संपत आलेला. बाळ सकाळपासून ढुशा देत होतं. दुकान धुऊन काढलं, मशिनींना हार घातले. पूजा म्हणून सगळ्यांच्या चपला पायरीखाली. एका गिऱ्हाइकाची पँट राहिली होती, म्हणून इस्त्री चालूच होती. वहिनींनी गंधाची वाटी दिली. इस्त्री हलू नये म्हणून मी डाव्या हातानं मुठीजवळची लोखंडी पट्टी धरली आणि उजव्या हाताचं ओलं बोट टेकवलं.

मूठ आपोआप आवळली. सोडायची होती, सुटेना. ओरडायचं होतं, तोंड उघडेना. पोटाचा विचार आला, एवढं आठवतं.

मास्तर माझ्याकडे धावले. "मुट्टबेडा! हात लावू नका तिला!" वहिनी ओरडल्या. कोरड्या पाटावर चढून त्यांनी कापड मोजायचा लाकडी गज माझ्या मनगटावर हाणला. इस्त्री पडली, मी पडले. मग त्यांनी मेन स्विच पाडला.

बोटं भाजली होती, पण माझं लक्ष पोटाकडं. "वहिनी, हलत नाही हो."

बाहेर रिक्षावाला रिक्षेपुढं कोहळा फोडायच्या तयारीत होता. पूजा अर्धी आहे म्हणाला. "कोहळा उद्या फोड!" म्हणत वहिनींनी मला रिक्षात बसवलं. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बाळाचे ठोके ऐकले. चालू आहेत म्हणाल्या, पण हालचालीवर लक्ष ठेवा, थांबल्यासारखी वाटली तर लगेच या. ठोके त्यांना ऐकू आले, मला कुठे आले? माझ्या पोटात नुसती शांतता.

वहिनींनी मला बोगादीच्या त्यांच्या घरी नेलं, डाव्या कुशीवर निजवलं आणि पोटावर हात ठेवून बसल्या. तेव्हा सांगितलं. त्यांच्या माहेरी कपडे वाळत घालायच्या तारेत करंट उतरला होता. भाऊ चिकटला, वडील त्याला हातानं ओढायला गेले. दोघंही गेले.

"नोड गं, बघ," त्या म्हणाल्या, "करंटला जमिनीत जायचं असतं. हिरवी तार म्हणजे त्याची वाट. ती तोडली की वाट तू. चपलेनं रोज अडवलं होतं, आज पाय उघडे नि फरशी ओली, अल्वा, हो ना?"

दुपारी मास्तर आले, मान खाली घालून. वहिनी उठल्याच. "आधी ती तार जोडून घ्या, मग जेवायला वाढते!" त्या आवाजानं असेल, आत एक ढुशी बसली. मग आणखी एक. मी रडायला लागले, आणि वहिनी मास्तरांना बोलायचं थांबेनात.

दुकानामागं खड्डा खणून तांब्याचा पत्रा, मीठ, कोळसा घालून अर्थिंग झालं, हिरवी तार त्याला जोडली. खड्डा कोरडा पडला तर करंटची वाट बंद, म्हणून उन्हाळ्यात त्यात पाणी घालायचं. लेक धडधाकट झाली. माझं मात्र भय गेलं नाही. आजही बस स्टॉपवरून परत फिरते, इस्त्रीचं बटण बंद केलं का बघायला.

मास्तर आता नाहीत. बोगादीच्या त्या जुन्या घरात वहिनी एकट्या राहतात. परवा त्यांच्या मिक्सरला हात लावला, तर तीच मुंगी. घराच्या वायरिंगमध्ये तिसरी तारच नाही. मला जीव लावून शिकवलेली गोष्ट त्यांच्याच घरात राहून गेली.

"सुम्ने, उगाच कशाला गं," म्हणाल्या, "माझं वय झालं. चप्पल घालते की."

वहिनी, तुम्ही कितीही नको म्हणा. एक दिवस मी माणूस घेऊन येणार. घरभर तिसरी तार ओढून घेणार, परसात खड्डा खणून घेणार, आणि उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी घालायलाही मीच येणार.