दोघांचं एकच उत्तर

वेरिकाचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता. दुकानातून आणलेलं पीठ ती घरी पुन्हा तोलून बघायची. घर पवित्र करायला येणारा पाद्री आपल्याच घरात पाणी कमी शिंपडतो, अशी तिची दर वर्षीची तक्रार. नवरा मिलुतिन नुसता कुशीवर वळला तरी ही विचारणार, "काय रे, कसला विचार चाललाय?" भांडकुदळ नव्हती हो बाई. तिला फक्त कुणाकडून फसायचं नव्हतं.

अशा बाईला शिकागोहून लेकीचं बोलावणं आलं. स्नेझानाला मुलगी झाली होती. फोनवर नातीचं तोंड बघून वेरिकाचं समाधान होईना. एकदा तिला मांडीवर घ्यायचं होतं, बस्स. पण त्यासाठी व्हिसा हवा, आणि व्हिसासाठी बेलग्रेडच्या वकिलातीत मुलाखत. म्हणून दोघं जवळच्या झायेचार शहरात गॉर्डानाकडे तालमीला जाऊ लागली. ही गॉर्डाना विमानाची तिकिटं विकायची आणि जोडीला म्हाताऱ्याकोताऱ्यांची उत्तरं घोटून घ्यायची.

"दोघांचं उत्तर एकच आलं पाहिजे, मावशी," ती बजावायची. "वकिलातीतल्या साहेबाला धास्ती एकच, ही माणसं तिकडेच राहणार. हं, किती दिवस?"

"तीन आठवडे," मिलुतिन म्हणाला.

"परत कशासाठी येणार?"

"घर आहे, पेन्शन आहे, शेळ्या आहेत," वेरिका म्हणाली.

"शेळ्या विकल्या," मिलुतिन बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

वेरिकाने मान वळवली. "विकल्या? शेजारच्या द्रागानकडे सांभाळायला ठेवल्या म्हणालास ना मला?"

"तेच ते. आल्यावर दुसऱ्या घेऊ."

"काका, शेळ्यांचं नावच काढू नका," गॉर्डानाने सावरून घेतलं. "विचारलं नाही ते सांगायचंच नाही."

वेरिकाच्या मनात पाल चुकचुकली ती तिथे. आधी तिला गॉर्डानाचाच संशय आला, हीच माझ्या नवऱ्याला लपवाछपवी शिकवते म्हणून. मग लेकीचा. बाप-लेक फोनवर तासभर बोलायचे, आणि ही आत आली की विषय एकदम हवेचा. शिकागोच्या हवेत एवढं काय बोलण्यासारखं असतं?

पितरांच्या शनिवारी ती लोकांना वाटायला शिजवलेले गहू आणि मेणबत्ती घेऊन सासूच्या थडग्यावर गेली. शेजारीच तिचा आणि मिलुतिनचा दगड. सासू गेली तेव्हाच त्यांनी तो उभा करून घेतला होता, गावात सगळेच करतात तसा. दोघांची नावं, दोघांचे चेहरे, जन्माची सालं, आणि पुढे मृत्यूच्या सालाची जागा मोकळी. पलीकडे ल्युबिशा पाथरवट कुणाचा तरी कठडा बसवत होता.

"बरं झालं भेटलात, काकू," तो म्हणाला. "काकांना सांगा, नाव घासून काढता येईल, पण चेहरा नाही निघायचा. खोल गेलाय."

"कुणाचं नाव?"

"त्यांचंच की. तुमचं राहू दे म्हणाले."

वेरिका तिथेच कठड्यावर टेकली. म्हणजे या माणसाला मरायचंसुद्धा तिकडेच होतं, आणि बायकोला त्याचा पत्ता नाही! तिला इतका राग आला की गहू वाटायचेही राहून गेले.

घरी गेल्यावर मात्र ऊठसूट उलटतपासणी घेणारी ही बाई चकार शब्द बोलली नाही. बोलली असती तर मिलुतिन रुसून बसला असता, मुलाखत बोंबलली असती, आणि नात राहिली असती फोनमध्येच. तिने त्याच्यापुढे सूप ठेवलं आणि तो निवांत भुरके मारत असताना त्याच्याकडे बघत राहिली.

वकिलातीतला साहेब तरणाबांड होता, सर्बियन मोडकंतोडकं बोलायचा. मिलुतिनने सगळी उत्तरं पोपटासारखी घडाघडा म्हटली. मग साहेब काचेआडून वेरिकाकडे वळला.

"आजी, दोघंही परत येणार ना?"

मिलुतिन आपल्या बुटांकडे बघत होता. नुसती गप्प राहिली असती तरी याचे सगळे बेत इथेच संपले असते.

"येणार," ती म्हणाली. "दोघंही."

साहेबाने शिक्का मारायला पासपोर्ट ठेवून घेतले. व्हिसा झाला.

बाहेर बागेतल्या बाकावर तिने पिशवीतला पाव काढून दोन तुकडे केले. मिलुतिन खुशीत होता. "शाब्बास. कुठे अडखळली नाहीस."

"नातीपायी खोटं बोलले. ल्युबिशाने सांगितलंय मला सगळं. आता इथे साहेब नाही. तू परत येणार आहेस का?"

मिलुतिनने टोपी काढली, पुन्हा घातली. "तीन आठवडे," तो म्हणाला. "घर आहे, पेन्शन आहे."

"हे त्याला सांगितलंस. मला सांग."

त्याने टोपी पुन्हा काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "गावात धूर निघणारी चारच घरं उरलीत, वेरिका."

"त्यातलं एक माझं राहील," ती म्हणाली, आणि त्याच्यासाठी काढलेला पावाचा तुकडाही तिने स्वतःच खाऊन टाकला.