पेन्शनच्या खिडकीशी

पेन्शनच्या खिडकीवर बसणाऱ्याकडे गोष्टी आपोआप साठतात. म्हातारी माणसं एका सहीसाठी अर्धा दिवस बसून राहतात, आणि बसलेला माणूस बोलतो. स्वातंत्र्यानंतर दोनेक वर्षांनी मी ठाण्याच्या ट्रेझरीत क्लार्क म्हणून लागलेलो. पुढे बरीच वर्षं ही खिडकी माझ्याकडे होती. निम्मे नियम मला साहेबांनी शिकवले, निम्मे पेन्शनरांनी.

*

एक निवृत्त मामलेदार यायचे. करड्या आवाजाचे, कोट-टोपीतले. एका महिन्यात त्यांच्यापुढे रांगेत नेमका त्यांचाच जुना पट्टेवाला आला. म्हातारा गडबडला, बाजूला सरला आणि "रावसाहेब, पुढे व्हा" म्हणाला. मामलेदार जागचे हलले नाहीत.

"तू माझ्याआधी पेन्शनीत निघालास. इथे तू सीनियर."

पट्टेवाला पुढे उभा तर राहिला, पण खिडकीशी येईपर्यंत त्याची मान काही वर झाली नाही.

*

घोडबंदरच्या रस्त्यावर जन्मभर खडी फोडून घेतलेला, स्वतःही फोडलेला एक मुकादम होता. त्याचा अंगठा कागदावर उमटायचाच नाही. शाई लावली की नुसता काळा ठिपका. रेषा म्हणून एक नाही. नवीन आलेले साहेब वैतागले. असला अंगठा मी कसा मान्य करू, असं त्यांनी विचारलं. मुकादम शांतपणे म्हणाला, "साहेब, त्या रस्त्यावर बघा की. माझा अंगठा तिथंच राहिलाय."

साहेबांनी दोन साक्षीदार घेतले आणि सही केली.

*

तेव्हा प्रत्येक पेन्शनरच्या कागदावर ओळखीची खूण लिहिलेली असे. वर्षातून एकदा ती स्वतः पाहून तसा शेरा मारणं हे साहेबांचं काम. आंबिवलीकडच्या एका निवृत्त पोलीस हवालदाराची खूण होती हनुवटीवरचा तीळ. त्या वर्षी तो आला तो छातीपर्यंत दाढी वाढवून. दाढी काढून या, असं मी त्याला सांगितलं. तो नको म्हणाला. मुलगा लढाईत ब्रह्मदेशाकडे गेलेला, त्याची खबर नव्हती. खबर येईपर्यंत वस्तरा लावायचा नाही, असं त्यानं देवापुढे कबूल केलेलं. आणि लढाई संपूनही वर्षं झालेली.

मी त्याला साहेबांपुढे नेलं. हे साहेब नियमाचे पक्के. त्यांनी हवालदाराकडे बराच वेळ पाहिलं. दाढीला हात लावला नाही. मग टाक उचलून लिहिलं, 'तीळ पाहिला.'

*

डोंबिवलीच्या एका मास्तरांना पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी पैसे घ्यायचे होते. जागा घेऊन दोन खोल्या बांधायचा बेत होता. अर्ज करून गेले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना न सांगता त्यांच्या पत्नी आल्या. पेन्शन विकायची म्हणजे काय, ते त्यांना समजून घ्यायचं होतं. मी सांगितलं की आज रक्कम हातात येते, पण तेवढी पेन्शन कायमची कमी होते. माणूस लवकर गेला तर फायदा, खूप जगला तर तोटा. म्हणूनच आधी डॉक्टर तपासतात.

बाई विचारात पडल्या. "म्हणजे हे किती जगतील, यावर सरकार पैज लावतं?"

साधारण तसंच, म्हटलं.

"मग विकायची नाही. ती पैज आम्ही जिंकू."

मास्तरांनी अर्ज मागे घेतला. खोल्या झाल्या नाहीत, भाड्याच्याच जागेत राहिले. आणि मास्तर जगले, चांगले खणखणीत जगले. बाई मात्र आधी गेल्या. त्यानंतर एकदा सही करता करता मास्तर मला म्हणाले, "पैज जिंकलो हो. सांगायला घरी कोणी नाही."

*

कल्याणचे दत्तोपंत आमच्याच कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. ते दर महिन्याला पत्नीला, यमुनाबाईंना, सोबत आणायचे. कुठलं टेबल, कुठला कागद आधी, सही कोणाची, सगळं त्यांना दाखवायचे. आमच्यातल्या एकानं थट्टा केली, की पेन्शन तुमची आहे की वहिनींची? दत्तोपंत हसले नाहीत. माझ्यामागे हिला कोणाला विचारत फिरावं लागू नये, एवढंच म्हणाले.

त्या काळी बहुतेकांची पेन्शन माणसाबरोबरच संपायची. बायकांसाठी नवे नियम येत होते, पण आधीच निवृत्त झालेल्यांच्या घरी त्यांचा उपयोग नव्हता. दत्तोपंतांना हे पाठ होतं. म्हणून त्यांनी पत्नीला शिवण शिकायला घातलं आणि मशीनही घेऊन दिलं.

एका महिन्यात यमुनाबाई एकट्याच आल्या. मृत्यूचा दाखला, पेन्शनचा कागद, त्या दिवसापर्यंतच्या राहिलेल्या पैशांसाठी अर्ज, सगळं क्रमानं लावलेलं. मला काही मागावंच लागलं नाही. तरी जे सांगायला हवं होतं ते सांगायला मी तोंड उघडलं, तर त्याच म्हणाल्या, यापुढे काही मिळणार नाही, ठाऊक आहे.

मागे रांग खोळंबलेली. मी तांबड्या शाईत टाक बुडवला आणि दत्तोपंतांच्या नावापुढे भराभर 'मयत' लिहू लागलो.

यमुनाबाई खिडकीशी वाकल्या.

"भाऊ, जरा सावकाश लिहा. त्यांना घाईचं अक्षर चालत नसे."