घरचं पाणी

उत्तम गेल्याचा निरोप अकोल्याहून आला, त्याला आता महिना होत आला. बातमी चार ओळींची झाली: पाणीपुरवठ्याचे निवृत्त अभियंता, अल्प आजार. ती मीच लिहिली. तीत मावलं नाही ते हे, की पाहुणा म्हणून हा माणूस असह्य होता.

साठच्या दशकात अमरावतीत आम्ही एका खोलीत राहायचो. मी वर्तमानपत्रात उमेदवारी करत होतो, तो सिव्हिलची पदवी घेऊन पुढच्या पदवीच्या विचारात होता. विचार म्हणजे आमचा छळ. सिव्हिलमध्येच पुढे जाऊन पूल बांधावेत, की पब्लिक हेल्थ इंजिनिअरिंग घ्यावं, म्हणजे पाणीपुरवठा आणि सांडपाणी, ज्याला आज पर्यावरण अभियांत्रिकी म्हणतात? त्याने प्राध्यापकांना विचारलं, माझ्या संपादकांना विचारलं, खानावळीच्या मावशींनाही सोडलं नाही. जो जे सांगेल त्याच्या उलट वाद घालायचा. तोही जेवताना, सांडपाण्याच्या टाकीच्या वर्णनासकट. "बाप्पा, आधी वरन तं खाऊ दे लोकाइले," मावशी ओरडायच्या.

शिवाय ती खोड. कुणाकडेही पाण्याचा पेला पुढे आला की म्हणायचा, "पाहुन्याचं नोको, घरचं द्या." त्या घरच्या बाईचा चेहरा पडायचा, मी भिंतीकडे पाहायचो... कारण विचारलं तर, "गावाले चाल, दाखवतो."

अर्जाची मुदत संपत आली तेव्हा गेलो. मूर्तिजापूरला उतरून पुढे बैलगाडी. गाव खारपाणपट्ट्यातलं, विहिरींचं पाणी खारट. बौद्ध वस्तीतल्या त्याच्या घरात दोन माठ होते. एकात दुरून आणलेलं गोडं पाणी, फक्त पाहुण्यांसाठी. दुसऱ्यात घरचं. त्या भागात ही रीतच होती. मला गोडं मिळालं.

वडील, किसनबाबा, शेतमजूर. पोरगा गावच्या नाल्यावर पूल बांधणार, हे त्यांनी सगळीकडे सांगून ठेवलं होतं. पब्लिक हेल्थचं ऐकताच ते उखडले.

"गावची घान कामं सोडली आमी. अन् तू डिग्री घेऊन नालीतच चालला? पुलावर नाव रायते. नालीवर कोनाचं रायते?"

आता वाद होणार, असं मला वाटलं. नेमका तेव्हाच तो झाला नाही. उत्तम उठला, घरच्या माठातून पेला भरून प्यायला, दुसरा भरून माझ्या हातात दिला.

"अबे, पाहुना हाय तो!"

"अन् तुमी कोन?"

मी घोट घेतला. गिळताना तोंड वाकडं झालं, ते लपवता आलं नाही. बाबा माझ्या तोंडाकडे पाहत राहिले, मग माठाकडे...

"भर तुवा अर्ज," ते शेवटी म्हणाले. "पन पुलाचं काय सांगू लोकाइले?"

"सांगा, पानी आनाले गेला."

एवढं पक्कं ठरलेलं होतं, तर महिनाभर आमचं डोकं का खाल्लं, याचं उत्तर त्याने कधी दिलं नाही. पुढे त्याच पट्ट्यातल्या नळयोजनेवर तो काही वर्षं राबला. बाबांच्या दारात गोडं पाणी आलं तेव्हा ते हयात होते. ओंजळभर प्यायले आणि म्हणाले, "पुलावर नाव राह्यलं असतं." बापलेक सारखेच.

परवा अकोल्याला उत्तमच्या घरी गेलो. वहिनींनी पेला पुढे केला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पाहुण्याचं नको, घरचं द्या."

"आता तुमीबी सुरू झाले का, भाऊजी?" त्या म्हणाल्या. "दुसरं हाय कुठं?"

आत तिवईवर एकच माठ होता.