चिंचोकेवाल्या मॅडम

शहारे मॅडम गेल्याचा फोन आला तेव्हा मी पेपर तपासत होते. त्यांच्या सूनबाई एवढंच म्हणाल्या, "आई गेल्या... झोपेतच." मला आधी रडू आलं नाही. आधी वाटलं, बाबांना कसं सांगू? माझे बाबा आज आहेत ते या बाईंमुळे.

गोंदियाच्या कॉलेजात त्या जीवरसायनशास्त्र शिकवायच्या. रक्त गोठू न देणारं काही झाडांच्या बियांत सापडतं का, हाच ध्यास. त्यातही चिंचोके. बाजारात कुणी चिंच फोडत बसलेलं दिसलं की मॅडमची पिशवी पुढे! सारं कॉलेज त्यांना 'चिंचोकेवाली मॅडम' म्हणायचं आणि त्यांना ते आवडायचंही. रक्तात चिंचोक्यांचा अर्क मिसळलेली नळी कोमट पाण्यातून काढून त्या हळूच तिरपी करायच्या. आतलं हललं, म्हणजे अजून गोठलेलं नाही. आम्ही संशोधन करणाऱ्या पोरी आनंदानं ओरडायचो. मॅडम म्हणायच्या, "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! पुन्हा करा."

माझ्या बाबांच्या हृदयात कृत्रिम झडप आहे. तिच्यावर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रोज गोळी, तीही जन्मभर. मी सालेकशाला घरी गेले की बाबा प्रयोगाची खबर विचारायचे आणि मग गावभर सांगत सुटायचे. एका उन्हाळ्यात बिया गोळा करायला मॅडमही माझ्याबरोबर आल्या. चहा देता देता बाबा कौतुकानं म्हणाले, "गोळी सोडली मी, मॅडम. पोरगी जे शोधून राहिली, तेच उकळून पिऊन राहिलो."

मॅडमनी कप खाली ठेवला.

"भाऊ, माझे चिंचोके अजून औषध नाहीत. काचेच्या नळीत काय होतं ते मला ठाऊक आहे. तुमच्या पोटात गेल्यावर काय होतं, ते नाही."

"मंग एवढे वर्स कायले मेहनत करून राहिल्या?"

"ठाऊक नाही म्हणूनच. चला, गाडीत बसा."

बिया तिथेच राहिल्या. गोंदियाच्या दवाखान्यात रक्त तपासलं, गोळी पुन्हा सुरू झाली. वेळेवर आणलंत, असं डॉक्टर म्हणाले. दुसरं कुणी असतं तर आपल्या संशोधनावरचा असा विश्वास पाहून थोडं तरी सुखावलं असतं. ज्या कामात उमर घातली, त्याच्याविरुद्ध बोलायला मॅडमना क्षणही लागला नाही. हे ऋण मी कसं फेडणार होते? त्यांनी फेडूही दिलं नसतं म्हणा.

उलट त्या दिवसापासून रोज संध्याकाळी त्यांचाच बाबांना फोन यायचा, "भाऊ, गोळी घेतली?" बाबा फोन ठेवून करवादायचे, "मी का लहान पोट्टा आहो?" मॅडम निवृत्त झाल्या, थकल्या, पण फोनात खंड पडला नाही.

परवा घरी गेले होते. दिवेलागणीला बाबांनी फोन समोर घेतला आणि नुसते बसून राहिले... मग गोळी गिळली, वरून पाणी प्यायले आणि त्या मुक्या फोनकडे बघून म्हणाले, "घेतली जी, मॅडम."