एका ताटात दोघी

दिवाळी सरली की जामखेडच्या रस्त्यानं ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. आज सकाळी एक ट्रॅक्टर दारावरून गेला. डिझेलचा वास, वर बांधलेली बाजली, पातेली, कोंबड्यांची डालगी आणि या सगळ्यावर बसलेली पोरं. पूर्वी पोरं मागं राहायची. हंगामापुरतं आमच्या शाळेत त्यांचं सरकारी वसतिगृह चालायचं आणि त्यांच्या भाकरी मी थापायची.

त्यातल्या दोन बहिणी आठवतात. मोठी नऊ वर्षांची, पिठाच्या पोत्यावरची अक्षरं मोठ्यानं वाचायची. मी चौथी शिकलेली. ती माझ्या चुका काढायची. धाकटीला ती आपल्याच ताटात घ्यायची. वेगळं ताट दिलं तर धाकटी जेवतच नसे. भावंडं आमच्याकडे अशीच जेवतात. त्यामुळं पोरं चाळीस आणि ताटं एकतीस. जास्त कधी लागलीच नाहीत.

एका रविवारी दुपारी एक साहेब न सांगता आले. पोरं जेवून ओढ्यावर गेली होती, घासलेली ताटं उन्हात पालथी होती. साहेब फार गोड बोलले. गोड बोलणाऱ्या माणसाची मला पहिल्यापासून धास्ती. ताटं मोजून त्यांनी विचारलं, “मावशी, ताटं एवढीच का?”

मला वाटलं, हा चोरीचा आळ घेतोय. मी ठणकावलं, “एवढीच. पहिल्यापास्नं एवढीच हायेत. एक बी हाललं न्हाई.”

त्यांनी हसून लिहून घेतलं. आठवड्यात कागद आला: नऊ नावं खोटी, उधळपट्टी, वसतिगृह बंद. खोटी नावं कुठंच नसतात असं मी म्हणत नाही. माणसं मला ठाऊक आहेत. पण साहेब शंभर पावलांवरच्या ओढ्यापर्यंत का गेले नाहीत? कागद आधीच तयार होता, असा माझा संशय आहे. त्या संशयाआड मी माझं उत्तर लपवते की काय, हाही एक संशय आहेच.

गुरुजींनी दोनदा खुलासा पाठवला. उत्तर आलं नाही. बाप भर हंगामात पोरींना न्यायला आला, तेव्हा मोठीनं विचारलं, “मावशी, परीक्षेला आनतील ना आमाला?”

“आनतील की,” मी म्हणाले. कुणी आणलं नाही.

चार वर्षं झाली. आज ती ट्रॅक्टरवर होती; आता उसाच्या मोळ्या बांधते म्हणे. शेजारी धाकटी, मध्ये एकच ताट. मोठीनं माझ्याकडं पाहिलं, हसली नाही.

शाळेच्या कपाटात ती एकतीस ताटं अजून आहेत. दरवर्षी कुणीतरी येऊन मोजतं. बरोबर भरतात.