बर्फवाल्याचा उतारा

उतारासाहेबांनी कधी कुणाची तोंडदेखली स्तुती केली नाही. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत त्यांचा जन्म गेला. शंभर किलो उसातून साखर किती निघते, तो उतारा काढायचे काम त्यांचे. आमच्या वरकुटे गावची माणसे म्हणायची, "साहेब, जरा वाढवा की." ते म्हणायचे, "ऊस तुमचा. मी काय पदरची साखर घालू व्हय?" त्यामुळे निवृत्तीनंतर त्यांच्या ओट्यावर कुणी फिरकेना. बायको आधीच वारली होती. शेजारीण म्हणून राहिले मी.

मग ते सिनेमाचा उतारा काढू लागले. तोही एकाच माणसाच्या सिनेमांचा. स्वीडनचा कुणी दिग्दर्शक. साहेब त्याला बर्फवाला म्हणत. पुण्याच्या मुलीने त्याचे सगळे सिनेमे पेनड्राइव्हवर भरून दिले होते. दुपारी मी म्हशीला वैरण टाकली की साहेब हाक मारत, "वहिनी, या. तुमी गोड बोलत न्हाय, म्हणून बोलावतो."

मी चौथी शिकलेली. खालच्या इंग्रजी ओळी साहेब वाचून मराठीत सांगत. एकदा मी विचारले, "ह्यांच्या घरात सुतक हाय का?"

"न्हाय वहिनी, सुखात हायत."

"मग दुःखात काय करत्यात?"

"तो पुढचा सिनेमा."

सिनेमा संपला की निकाल. "चोथा लय, पण रस दाट. अकरा." नाहीतर, "नुसतं पाणी. आठ." शेवटचा सिनेमा मात्र त्यांनी ठेवून दिला होता. म्हणत, "उसाच्या शेंड्याला गोडी नसती. ह्याचाबी फिका निघाला तर?"

मग काचबिंदूने त्यांचे डोळे गेले. मुलगी न्यायला येणार त्या दुपारी म्हणाले, "वहिनी, शेंडा चाखून घेऊ." त्यांना ओळी दिसेनात, मला इंग्रजी येईना. "तुमी तोंडं बघा अन् सांगा. हाय तसं सांगा."

"म्हातारा बसलाय. बाई कोट घालतीय."

"त्याच्याकडं बघती?"

"न्हाय. तो बघतोय. खालचं बटण लावायचं राहिलंय तिचं."

"सांगतोय तिला?"

"तोंड उघडलं. मिटलं."

साहेब म्हणाले, "गेली?"

"गेली."

"आता काय हाय?"

"नुसतं दार."

"अजून?"

"अजून दारच."

तेवढ्यात मुलीची गाडी आली. सामान चढले. साहेबांनी चाचपत काच खाली केली. "वहिनी, उतारा ऱ्हायला." मी कधी आकडा सांगितला नव्हता. या वेळी मी म्हणाले, "साडेअकरा."

"पदरची साखर घातली न्हाय न्हवं?"

"मी कशाला घालू?"

ते हसले. गाडी गेली. आठ वाटला असता तर मी आठच सांगितला असता.

अजून दुपारी वैरण टाकून झाली की मी माझ्या ओट्यावर बसते. समोर त्यांचे नुसते दार असते.