अक्काचा डावा खांदा

दाजींचा फोन आला तेव्हा मी जिंतूरहून परभणीला निघालेल्या बसमध्ये होते. बोरी नुकतंच मागे पडलं होतं. मांडीवर डबा होता, त्यात अक्कासाठी ज्वारीच्या कण्या. आदल्या दिवशी तीच म्हणाली होती, "बारके, कण्या आण गं, पातळ कर, घशाखाली दुसरं काही उतरत न्हाई." दाजी फोनवर एवढंच बोलले, "कुठपर्यंत आलीस? ...सावकाश ये आता." त्या 'आता'वरून मला कळलं. पुढचा सगळा रस्ता मी तो डबा तसाच धरून बसले होते. डबा गरम होता. शेजारची बाई म्हणाली, "ठिवा की खाली, चटका बसंल." मी काही तो ठेवला नाही.

अक्का, म्हणजे कुशावर्ता, माझी थोरली बहीण, परभणीला पोलिसात शिपाई होती. ती गेल्यावर पेपरात दोन ओळी आल्या, त्यात 'धाडसी' असं लिहिलं होतं. मला हसूच आलं. अहो, पालीला भिणारी बाई ती! येलदरीला आमच्या माहेरी न्हाणीत पाल दिसली की ही आंघोळ न करताच शाळेत जायची. पण नेम मात्र लहानपणापासून पक्का. चिंचेच्या शेंड्यावरचा आकडा म्हणाल तो दगडानं खाली पाडायची. पोलिसात गेल्यावरही दरवर्षीच्या गोळीबार सरावात बायकांमध्ये तीच पुढे. बाकी कशाचा गर्व नव्हता तिला, पण या एका गोष्टीचा होता, आणि तो तिला शोभायचाही.

मग तिच्या उजव्या छातीत गाठ निघाली. नांदेडला ऑपरेशन झालं. छाती काढली, काखेतल्याही गाठी काढल्या. मी शिवणकाम करते, म्हणून तिचे ब्लाउज मीच शिवायची. उजव्या बाजूला आतून कापूस भरून पहिला ब्लाउज शिवला, त्या दिवशी मशीनवर बसून मी पोटभर रडले. अक्का रडली नाही. ती रडली ती ड्युटीवर परत गेल्यावर. तिला बंदोबस्तावरून, गार्डवरून काढून आवक-जावकच्या टेबलाशी बसवलं होतं. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. सगळे गोडच बोलत होते आणि त्या गोड बोलण्यानंच ती खंगत चालली होती. "बारके, मी खोलीत गेले की लोक आवाज बारीक करतेत. बिचारी म्हणायलेत मला... माझी बंदूक मला परत पायजे."

पण बंदूक घ्यायची कशी? रायफलीचा दस्ता उजव्या खांद्याच्या खोबणीत बसतो, आणि तिची शिवण तिथूनच काखेत गेलेली. गोळी सुटली की तिथंच धक्का बसणार. डॉक्टरांनी साफ सांगितलं, त्या बाजूला दणका नको. सराव घेणारे उस्ताद म्हणाले, "बाई, हलकी ड्युटी घ्या, कशाला जिवाला घोर लावून घेता?" अक्कानं विचारलं, "उस्ताद, डाव्या खांद्यानं चालंल का?" ते म्हणाले, चालायला चालतं, पण जमत नाही. डोकं, डोळा, बोट, सगळंच उलटं करावं लागतं. "उलटं तर उलटं," अक्का म्हणाली.

पहिली अडचण डोळ्याची आली. तिला डावा डोळा एकटा मिटता यायचा, उजवा नाही. उजवा मिटायला गेलं की दोन्ही मिटायचे. मग आरशासमोर उभं राहून ती डोळा मिटायचा सराव करायची. एकदा दाजींनी पाहिलं आणि म्हणाले, "कुणाला डोळा मारायलीस गं?" ही म्हणाली, "तुमाला न्हाई मारला, काळजी करू नका!" ऑपरेशननंतर त्या घरात पहिल्यांदाच सगळे मोठ्यानं हसले असतील. शेवटी मी तिला जुन्या खाकीची एक पट्टी शिवून दिली, उजव्या डोळ्यावर बांधायला.

दुसरी अडचण मोठी होती. अक्कानं ठरवलं की नुसतं बंदुकीच्या घोड्यावर बोट ठेवून भागणार नाही, अख्खा डावा हातच शहाणा करायचा. झाडू डाव्यानं, भाकरी डाव्यानं, वेणी डाव्यानं. इथपर्यंत कुणी काही बोललं नाही. संक्रांतीला मात्र तिनं आल्या-गेल्या बायकांना हळदीकुंकूही डाव्यानंच लावलं आणि तिळगूळही डाव्यानंच दिला. झालं! तिच्या सासूबाई, आम्ही सगळे त्यांना आत्याबाई म्हणतो, देवधर्माच्या कडक बाई. बायका जाईपर्यंत गप्प बसल्या आणि मग कडाडल्या. "डाव्या हातानं देतेत का कुठं? काय मेल्या घरचं हाय का हे? मी न्हाई खायची तुझ्या हातचं!" आणि खरंच त्यांनी आपली भाकर वेगळी थापायला सुरुवात केली. अक्का समजावून थकली. मी तर दोघींच्या मध्ये पडून दोघींच्याही शिव्या खाल्ल्या.

शेवटी एका दुपारी, मी तिथंच होते, अक्कानं आत्याबाईंच्या पुढ्यात बसून पदर खाली घेतला आणि ब्लाउजची बटणं काढली. ऑपरेशन झाल्यापासून त्यांनी ती जागा बघितली नव्हती. "बगा आत्याबाई. इथं दस्ता टेकवायला जागाच ऱ्हायली न्हाई. मला आता डावा हातच हाय." आत्याबाई बघत राहिल्या. मग त्यांनी हात पुढे केला, पण लावला नाही. नुसत्या "या माय... या माय..." म्हणत बसल्या. संध्याकाळी त्यांनी अक्काच्या हातची भाकर मागून घेतली.

त्यानंतर त्या दोघींचं जे काही जमलं ते बघण्यासारखं होतं. अक्का सतरंजीवर पालथी पडून कपडे वाळत घालायची काठी डाव्या खांद्याला लावायची. काठीच्या टोकावर रुपयाचं नाणं ठेवायचं आणि ते न पाडता बोट दाबल्यासारखं करायचं, ही पोलिसातली जुनी रीत. नाणं ठेवायचं काम आत्याबाईंनी आपणहून अंगावर घेतलं. पाटावर बसायच्या, नाणं पडलं की उचलून ठेवायच्या. "पडलं. पुना." अक्का कंटाळली की म्हणायच्या, "उठतीस काहून? झालं का तुझं शिकून?" उस्तादांपेक्षा त्याच कडक होत्या.

सरावाच्या दिवशीचं मला अक्कानंच फोनवर सांगितलं. पहिल्या गोळ्या कुठं गेल्या ते देवालाच ठाऊक. रायफल उजवीकडून गोळीची रिकामी पुंगळी फेकते. उजव्या खांद्यावर धरणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही, पण हिच्या तर नाकासमोरून ती तापलेली पुंगळी जायची आणि ही दचकायची. उस्ताद शेजारी बसून म्हणाले, "बाई, घरी कसं करता तसं करा." मग हिनं डोळ्यासमोर आत्याबाईंना आणलं. पुढचं ती फोनवर ओरडूनच बोलली. "गोळ्या बसल्या गं बारके... निशाणावर बसल्या!" मागून आत्याबाईंचा आवाज, "मला सांग आधी, काय झालं?" गार्ड ड्युटी तिला परत मिळाली. मी मुद्दाम तिला बघायला गेले. सरकारी तिजोरीच्या फाटकात उभी होती. माझ्याकडे बघून हसलीसुद्धा नाही, ड्युटीवर होती ना!

त्यानंतर एक वर्ष बरं गेलं. मग पाठ दुखायला लागली. उभं राहून दुखत असेल म्हणून आम्ही तेल चोळत बसलो... दुखणं हाडात उतरलं होतं. मला अजून राग येतो. कुणाचा ते सांगता येत नाही, पण येतो. एवढ्या कष्टानं बाईनं आपला एक खांदा तयार केला, तर तो तरी राहू द्यायचा. शेवटच्या भेटीत ती उशीला टेकून बसली होती. म्हणाली, "नेम धरताना श्वास अर्धा सोडून थांबवावा लागतोय बघ. आता थांबवावा लागत न्हाई, आपोआप थांबायलाय." आणि स्वतःच हसली.

तेरवी होऊन बरेच दिवस झाल्यावर मी परत त्यांच्या घरी गेले. आत्याबाई पलंगावर बसून होत्या. त्यांना म्हटलं, तुम्ही बसा, मी चहा टाकते. ओट्यापाशी उभी राहिले आणि लायटरला हात घातला, तर तो नव्हता. साखरेच्या डब्याला घातला, तोही नव्हता. मग दिसलं, सगळं डावीकडे होतं. लायटर, सांडशी, मिठाची बरणी, चमच्यांचा गडवा, सगळं अक्काच्या हाताशी. तिला जाऊन इतके दिवस झाले, स्वयंपाक आता आत्याबाई करतात, आणि म्हाताऱ्या बाईला या वयात उलटीकडे हात न्यावा लागतो म्हणून मी डबे उजवीकडे सरकवायला लागले. आत्याबाई पलंगावरून उठून आल्या. त्यांनी माझा हात धरला.

"राहू दे माय, हलवू नको... आता माझा बी हात तिकडंच जायलाय."